पायरीपासून परत

चाळीसगावहून पाटणादेवी साधारण 18 किलोमीटर. नवरात्र असो, जाऊळ असो, मानता फेडायची असो, गाड्या भरभरून माणसं येतात. दर्शन, वरण-बट्टी, वांग्याची भाजी, झाडाखाली एक डुलकी आणि दिवेलागणीला घर. मंदिरामागे एवढा डोंगर उभा असतो. तो फोटोत मागे येतो.

तेवढाच.

याच घरांतली पोरं पावसाळ्यात रात्रभर प्रवास करून कळसूबाईला जातात. तिथं शिड्यांपाशी रांग लावतात. त्यांना पाटणादेवीच्या डोक्यावरच्या किल्ल्याचं नाव विचारा. दहातले किती सांगतील?

कन्हेरगड.

त्याच्या पोटात लेणी आहेत. नागार्जुन कोठडी, सीतेची न्हाणी. कोठडी जैनांची. याच डोंगररांगेत पुढे पितळखोरा, बौद्धांचा, दोन हजार वर्षांहून जुना. पायथ्याला चंडिका, म्हणजे हीच पाटणादेवी, आणि हेमाडपंती महादेव. इतकं एका खोऱ्यात असताना आपण चुलीपासून शंभर पावलं हलत नाही!

पितळखोऱ्याचा यक्ष दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बुटका, ढेरपोट्या, हात वर करून डोक्यावरची वाटी सावरणारा आणि तरी हसणारा. हातावर घडवणाऱ्याचं नाव कोरलंय : कण्हदास, धंद्यानं सोनार. सोनारानं दगडात काढलेलं हसू आपल्या डोंगरातलं. ते पाहायला दिल्लीला जाणारे भेटतात. ते जिथं कोरलं गेलं तिथं चढणारे कमी.

भास्कराचार्यांचं नाव आपण सभेत अभिमानानं घेतो. त्यांचा नातू चांगदेव यानं 1207 मध्ये याच पाटण्यात मठ काढला, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी. शिलालेख आहे तसा. भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. त्यातला शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचं राजाचं येणं मठाला दिल्याची ती नोंद आहे. म्हणजे पाटण्याची पेठ गणिताचा खर्च उचलत होती.

आठशे वर्षांपूर्वी. खानदेशात.

आता वर जाणारे. पावसाळ्यात धवलतीर्थ धबधबा कोसळायला लागला की त्यांची गर्दी वाढते. खांद्यावर स्पीकर, पिशवीत बाटल्या. गाणीच ऐकायची होती तर गच्ची काय वाईट होती? हे गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे, 1986 पासून. इथं बिबट्या राहतो. आपण त्याच्या घरात आहोत आणि आवाज आपलाच मोठा.

थर्माकोलच्या ताटांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे. नवस फेडून झाला की ती ताटं कुठं सापडतात? नाल्यात. देवीला नैवेद्य केळीच्या पानावर आणि तिच्या रानाला उष्टं थर्माकोल. ही कुठली भक्ती?

नाल्याला हलकं समजू नका. या डोंगरावर पडलेलं पाणी डोंगरी नदीतून थेट चाळीसगावात उतरतं. 31 ऑगस्ट 2021 आठवा. डोंगरी आणि तितूर दोघी एकदम फुगल्या, पाणी बाजारपेठेत शिरलं, गोठ्यातली दावणीची जनावरं वाहून गेली. त्याच रात्री कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला. डोंगर लांब आहे असं त्या रात्री कुणालाच वाटलं नाही.

मग बाकी वर्षभर का वाटतं?

श्रावण संपता संपता एकदा जा. किल्ला चढवत नसेल तर चढू नका, पायवाटेनं अर्धा तास आत चला. सागाचं कोवळं पान खुडून पोराच्या तळहातावर चोळा. हात लाल होतो, कुंकू सांडल्यासारखा. बाजूचं जून पान उन्हात धरा : किडीनं हिरवं सगळं खाल्लंय, शिरा तेवढ्या शिल्लक, जाळीदार. धावडा, सालई, अंजन नावानं ओळखून घ्या. सांगणारा गावातच भेटेल. त्याला वाटाड्या म्हणून सोबत घ्या आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्या.

एकटं वर जाऊ नका. पाऊस लागला की ओढा ओलांडायचं धाडस करू नका. दुपारी चारला उतरायला लागा. रानात काडी पेटवू नका.

आणि घरून स्टीलची ताटं न्या. घासायला घरी पाणी आहे.