भाता शाबूत आहे

गाण्यात पलूसचं नाव गाजलं, पण ते गाजवणारा माणूस पलूसला जन्मला नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांचा जन्म कुरुंदवाडचा, १८७२ सालचा. मूळ आडनाव गाडगीळ. घराणं पलूसचं म्हणून लोक पलुसकर म्हणू लागले, एवढाच काय तो आमच्या गावाचा वाटा. तरी बाहेरगावी कुणी "पलूस म्हणजे ते गाण्याचं?" असं विचारलं, की मी नकार देत नाही. "हो, आणि द्राक्षांचं," एवढी भर घालते. खरं सांगायचं तर आमच्याकडे पहाटे पहिला सूर लावतो तो फवारणीचा ब्लोअर. ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टरवाले रात्रभर रस्त्यावरून गाणी वाजवत जातात. अशा गावात एका साठीच्या बाईने पेटी वाजवायला घेतली तर शेजारपाजारच्यांनी तक्रार करण्यासारखं त्यात काही नाही. तक्रार आली ती घरातूनच.

आमच्या वेळी मुलींना पेटी शिकवत ती गाण्यासाठी नव्हे, लग्नासाठी. शिवण, विणकाम आणि पेटी. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात पोह्यांनंतर वडील सहज आठवल्यासारखं म्हणायचे, "जरा पेटी काढ गं." मी भूपाची एक चीज वाजवायची, पाहुणे मान डोलवायचे आणि मुलाची आई माझी बोटं बघायची, भाकरी थापता येईल की नाही या हिशेबाने. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रवेशिका पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र वडिलांनी फ्रेम करून ठेवलं होतं. गंमत म्हणजे ही परीक्षा-प्रमाणपत्रांची वाटही पलुसकरांचीच. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते कुठल्या संस्थानिकाच्या आश्रयावर नाही, लोकांच्या पैशावर. गाणं दरबारातून आणि कोठ्यांवरून उचलून घरंदाज माणसांच्या माजघरात आणावं, हा त्यांचा ध्यास. ते गेले १९३१ साली, मिरजेत. त्याच वर्षी शिष्यांनी मंडळ स्थापलं. मंडळाच्या परीक्षा देऊन किती गवई झाले असतील ते असो, किती लग्नं जमली असतील याचाही कुणीतरी शोध घ्यायला हवा.

माझं जमलं. पेटी रुखवतात मांडली होती, चिरोटे आणि मोत्यांच्या गणपतीच्या मधे. त्यानंतर तिचं काम संपलं. सासूबाई वाईट नव्हत्या. "वाजव की," म्हणायच्या. पण कधी वाजवायचं ते काही सांगत नव्हत्या. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मधे मुलांच्या परीक्षा. यात भूप कुठे बसणार? पेटी आधी कपाटावर गेली, मग माळ्यावर. जड वस्तूंचा प्रवास आमच्या घरात नेहमी वरच्या दिशेनेच होतो.

ती खाली उतरली ती कलेच्या ओढीने नव्हे. माझा डावा खांदा धरला होता. डॉक्टरांनी हात मागेपुढे हलवायचे व्यायाम दिले, ते मी अगदी प्रामाणिकपणे टाळत होते. सून म्हणाली, "आई, पेटीचा भाता तसाच हलवतात ना?" झालं. औषध म्हणून घेतलं की घरात काहीही चालतं.

पेटी मिरजेला न्यायची ठरली. किर्लोस्करवाडीला पॅसेंजरमध्ये बसले, पेटी बाकाखाली. समोरच्या आजोबांनी विचारलं, "भजन कुठं हाय?" मी म्हटलं, "पेटी दवाखान्यात चाललीय." त्यांनी गंभीरपणे मान हलवली. नांद्रे येईपर्यंत त्यांच्या गावच्या पेटीचं दुखणं ऐकून झालं. पट्टी दाबली नाही तरी एक स्वर आपोआप बोलतो, आणि नेमका पसायदानाच्या वेळी.

मिरजेचा खरा मान सतार-तंबोऱ्याचा. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी तलवारींचे दिवस सरल्यावर इथे वाद्यं घडवायला घेतली. त्याला दीडशेहून अधिक वर्षं झाली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. दारात भोपळे टांगलेल्या त्या दुकानांसमोरून पेटी घेऊन जाताना मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं. तंबोरा हे खानदानी वाद्य, पेटी पडली विलायती. युरोपातून आली, कलकत्त्याला जमिनीवर बसून वाजवायला शिकली आणि मग भजन, नाटक, तमाशा सगळीकडे बोलावलं तिथे गेली.

दुरुस्ती करणाऱ्याने झाकण उघडलं. आतून मूठभर शाळू, कापसाचं घरटं आणि मुलाच्या शाळेतलं खोडरबर निघालं. त्याने ते सगळं कागदावर नीट मांडलं, जणू रुग्णाच्या नातेवाइकांना दाखवायचं होतं. मग भाता दाबून कान लावला आणि म्हणाला, "भाता शाबूत आहे, काकू. बाकीचं बघू." पितळी रीडा काढून एकेक पुसली. उतरलेल्या रीडचं टोक पात्याने अगदी किंचित खरवडलं की स्वर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. तो खरवडायचा, बसवायचा, ऐकायचा, पुन्हा काढायचा. एका गंधारासाठी त्याने चहा गार होऊ दिला. मी विचारलं, "एवढं बारीक कुणाला कळतं?" तो म्हणाला, "तुम्हाला कळेल म्हणून तर करतोय." माझ्या संगीतातल्या योग्यतेवर एवढा विश्वास माझ्या परीक्षकांनीही दाखवला नव्हता.

पेटीची निंदा करणारे थोर लोक पुष्कळ झाले. तिला मींड येत नाही, श्रुती जमत नाहीत, स्वर ठोकळ्यासारखे सुटे पडतात. आकाशवाणीने तर १९४० साली तिच्यावर बंदी घातली, ती सुटायला १९७१ उजाडलं. आक्षेप खोटे नाहीत. पण साठीनंतर वाद्याकडे परतणाऱ्या माणसाने पेटीलाच हात घालावा असं मी म्हणेन. सतारीच्या तारा बोटं कापतात, बासरीला दम लागतो, व्हायोलिनवर सा सापडेपर्यंत नातवंडांची लग्नं होतात. पेटीचा सा पट्टीखाली तयार असतो. आपण फक्त दाबायचं आणि हवा द्यायची. गोविंदराव टेंब्यांनी याच पेटीतून काय काय काढलं आणि १९११ साली 'मानापमान'ला कसल्या चाली दिल्या, हे माहीत असूनही आपण निर्लज्जपणे अलंकार वाजवत बसायचं.

बोटांना चाळीस वर्षांपूर्वीचं आठवतं का? थोडं आठवतं, पण सोयीचं तेवढंच. आरोह निघतो, अवरोहात करंगळी संपावर जाते. भूपात मध्यम नसतो हे मला पक्कं ठाऊक आहे. बोटाला ते अजून पटायचंय. घरात दुपारी दोन ते चार वादनबंदी आहे. अहोंनी ती झोपेसाठी घातली आहे आणि आकाशवाणीइतकी ती लांबू नये अशी माझी इच्छा आहे. भजनी मंडळातल्या बायकांनी मात्र गुरुवारी पेटीवर बसवलं. तिथे टाळ इतके जोरात असतात की माझ्या चुका पांडुरंगापर्यंत पोचत नाहीत.

खरी परीक्षा घेतो नातू. त्याची तबल्याची प्रारंभिक आहे, त्याला लेहरा धरायला मी. तीच ओळ फिरून फिरून वाजवायची, तो वर कायदा वाजवणार. तो पळाला की मी पळते, तो अडला की मी लय ओढून धरते. मोबाइलवरचा लेहरा त्याला आवडत नाही. "तो थांबत नाही, आज्जी." हे मी त्याच्या गुरुजींना कौतुकाने सांगितलं. ते म्हणाले, "म्हणूनच त्याची लय सुटते. उद्यापासून मोबाइल लावा." बडतर्फीचा हुकूम इतक्या नम्रपणे मला कुणी दिला नव्हता.

मध्यमा प्रथमला बसणार का, असं सूनबाई विचारते. फॉर्म भरायला वयाची आडकाठी नसावी. पण मी नाही बसणार. त्या पेटीने एकदा मला कुणाला तरी पसंत पाडायचं काम केलं आहे, आता तिला पुन्हा तसल्या कामाला जुंपायचं नाही. कुणी मान डोलवावी म्हणून वाजवायचं नाही, हे ठरलं आणि बोटं जरा सैल पडली. पलुसकरांना तानसेनांपेक्षा कानसेन जास्त हवे होते असं सांगतात. त्या हिशेबात मी बसते, आणि गंधार जरा उतरला तर आता मला कळतं.

तुमच्याही माळ्यावर एखादी असेलच, सासूची, आत्याची, नाहीतर स्वतःची. मृगाच्या आत खाली काढा. ओल धरली की भात्याचं चामडं आखडतं, पट्ट्या फुगतात आणि खर्च दुप्पट होतो. नेताना आतले दाणे आधी झटकून न्या, आणि गावात कुणी "भजन कुठं हाय?" विचारलं तर पत्ता सांगून टाका.