गाण्यांचं अ‍ॅप काढा: सात सोप्या पायऱ्या

पूर्वतयारी: एक लॅपटॉप, कोड लिहिणारा एक मित्र आणि एक वकील. मित्र नसला तरी चालेल.

१. अ‍ॅप बनवा. नावात ‘सूर’, ‘ताल’ किंवा ‘धून’ हवंच. हे काम सगळ्यात सोपं आहे, म्हणून सगळ्यात जास्त वेळ यातच घालवा.

२. आता गाणी आणा. एका गाण्याला एकच मालक असतो, हा समज सोडा. रेकॉर्डिंग लेबलचं, चाल संगीतकाराची, शब्द गीतकाराचे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून संगीतकार-गीतकारांना आपली रॉयल्टी लेबलच्या नावे सोडून देता येत नाही. तेव्हा लेबलची सही झाली की लगेच पेढे वाटू नका. संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या ‘आयपीआरएस’ या संस्थेशी बोलणी व्हायची आहेत.

३. लेबलच्या ऑफिसात ‘मिनिमम गॅरंटी’ हे शब्द कानावर पडतील. दचकू नका. अर्थ एवढाच, की गाणी कुणी ऐको न ऐको, ठरलेली रक्कम तुम्ही द्यायची. फारच ऐकली गेली, तर वर आणखी द्यायची.

४. पळवाट शोधा. कॉपीराइट कायद्याचं कलम ३१-डी वाचा: रेडिओ-टीव्हीला लेबलच्या मर्जीवाचून, कायद्याने ठरणाऱ्या दरात गाणी वाजवता येतात. प्रसारणात इंटरनेटही आलंच, अशी स्वतःची समजूत घाला. मग ‘टिप्स’ हे लेबल विरुद्ध ‘विंक’ हे अ‍ॅप, या खटल्यातला मुंबई उच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल वाचा. गाण्यांचं स्ट्रीमिंग त्यात येत नाही. वकिलाची फी द्या.

५. श्रोत्याकडे महिन्याचे शंभर रुपये मागा. तो यूट्यूबकडे बोट दाखवेल. मग फुकट ऐकवा आणि जाहिराती लावा. श्रोते वाढतील, तसं लेबलचं बिलही वाढेल. याला ‘ग्रोथ’ म्हणतात.

६. गुंतवणूकदार विचारेल, “यातलं तुमचं स्वतःचं काय?” अशा वेळी अल्गोरिदमची स्लाइड दाखवा.

७. खचलात तर इतिहास वाचा. फ्लिपकार्टचं ‘फ्लाइट’ फेब्रुवारी २०१२ मध्ये सुरू झालं आणि जून २०१३ मध्ये मिटलं. शिंदे नावाच्या जुळ्या भावांच्या ‘धिंगाणा’ला श्रोत्यांची वाण नव्हती. पण एका बड्या लेबलचा परवाना गेला आणि २०१४ साली धिंगाणा थांबला. तो विकत घेणाऱ्या ‘आरडिओ’नेच पुढच्या वर्षी दिवाळं काढलं. स्पॉटिफाय मात्र तगलं: स्थापना २००६ ची, वर्षाअखेर नफा पहिल्यांदा २०२४ साली. तेवढी वर्षं घरचे पोसतील का, हे आजच विचारून ठेवा.

अ‍ॅप बंद करताना चार पैसे उरलेच, तर एक गाणं लिहा, चाल लावा, रेकॉर्ड करा आणि तिन्ही हक्क स्वतःच्या नावावर ठेवा. गाणं गाजलं, की ‘सूर’, ‘ताल’ किंवा ‘धून’वाला कुणीतरी लॅपटॉप घेऊन येईलच. त्याला चहा पाजा आणि मिनिमम गॅरंटीचा आकडा सांगा.