आधी पोरांना विचारा, मग काँक्रीट ओता

नकाशा तयार, ठेकेदार ठरलेला, भूमिपूजनाची तारीखही पक्की. आणि मग जाहिरात येते : नागरिकांनी हरकती व सूचना कळवाव्यात. लग्नाच्या आदल्या रात्री नवरीला पसंती विचारावी, तसलीच ही विचारणा.

स्केटबोर्ड आणि बीएमएक्स सायकलींच्या जागांबाबत जगात अनेक ठिकाणी हेच घडत आलं आहे. लंडनमध्ये मात्र पोरांनी ते चालू दिलं नाही.

थेम्सकाठचा क्वीन एलिझाबेथ हॉल १९६७मध्ये उघडला. त्याच्या पोटाखाली खांब आणि उतार असलेली मोकळी जागा राहिली होती. ती स्केटिंगसाठी कुणी बांधली नव्हती. सत्तरच्या दशकात पोरांनीच ती शोधली. पुढे बीएमएक्सवालेही आले. २०१३मध्ये हा हॉल चालवणाऱ्या साउथबँक सेंटरने १२ कोटी पौंडांचा विस्तार जाहीर केला. पोरांच्या जागी दुकानं आणि उपाहारगृहं येणार होती, पोरांना जवळच्याच हंगरफोर्ड पुलाखाली नवी जागा मिळणार होती. नव्या जागेच्या रचनेबद्दल मत द्या, असं त्यांना सांगण्यात आलं.

पोरांनी उलट विचारलं : आम्ही हलायचं, हे कुणी ठरवलं?

‘लाँग लिव्ह साउथबँक’ ही मोहीम उभी राहिली. तिथल्या लॅम्बेथ पालिकेकडे २७ हजारांहून जास्त हरकती गेल्या. जानेवारी २०१४मध्ये लंडनचे तेव्हाचे महापौर बोरिस जॉन्सन यांनीही जागा राहिली पाहिजे, असं सांगितलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सेंटरशी करार झाला आणि जागा वाचली. पुढे मोहीम आणि सेंटर यांनी मिळून निधी उभारला आणि त्या जागेचा बंद पडलेला भाग २०१९मध्ये पुन्हा खुला केला. सुरुवातीलाच बोलणं झालं असतं, तर दीड वर्षाचं भांडण वाचलं असतं.

स्वीडनमधल्या माल्मो शहराने शहाणपणा दाखवला. जुन्या जहाजबांधणीच्या परिसरात स्टापेलबेड्सपार्कन उभारताना स्थानिक स्केटर आराखड्यात होते आणि बांधकामातही. २००६मध्ये ते सुरू झालं. आज जगभरचे स्केटर तिथे येतात.

पोरांना विचारायचं, कारण या कामातली माहिती त्यांच्याकडे असते. स्केटबोर्डचं चाक जेमतेम पाच सेंटिमीटरचं. दोन पेव्हर ब्लॉकमधली फट किंवा एखादा खडा त्याला अडवतो आणि पोर तोंडावर आपटतं. बीएमएक्सला वेग घ्यायला आणि उतरल्यावर थांबायला जास्त लांबी लागते. सायकलच्या चाकाजवळचे लोखंडी पेग घासले की काँक्रीटच्या कडा तुटतात, म्हणून तिथे पोलादी पट्टी हवी. दोघांना एकाच खोलगट बाऊलमध्ये सोडायचं असेल, तर वेळा आधी ठरवाव्या लागतात. आणि आपल्या पावसात त्या बाऊलच्या तळाला निचरा नसेल, तर चार महिने तिथे डासच खेळतील. यातली एखादी चूक काँक्रीट वाळल्यावर दुरुस्त करायची, तर ते फोडावं लागतं.

पण विचारायचं म्हणजे कुणाला? बैठकीत सगळ्यात मोठ्याने बोलणारा बहुधा मुलगाच असतो. व्हिएन्नामध्ये नव्वदच्या दशकात लक्षात आलं की वयाच्या साधारण दहाव्या वर्षानंतर मुली बागांमधून दिसेनाशा होतात. शहराने १९९९मध्ये दोन बागांची रचना बदलली आणि मुलींसाठी जागा केली. मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावात २०१५मध्ये स्केटपार्क झालं, तिथला नियमच आहे : मुली आधी. म्हणून मुलींची बैठक वेगळी घ्या, तीही दिवसाउजेडी. दिवे कुठे हवेत, स्वच्छतागृह किती अंतरावर हवं, बाहेर पडायला दोन वाटा का हव्यात, हे त्या सांगतील.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या स्ट्रीट स्केटबोर्डिंगचं सुवर्ण आणि रौप्य जिंकणाऱ्या दोघी १३ वर्षांच्या होत्या. आपल्याकडे पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने २०२२च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत महाराष्ट्राला स्केटबोर्डिंगचं सुवर्ण मिळवून दिलं, तेव्हा तीही शाळकरी वयातच होती. या वयाच्या खेळाडूंकडून आपण पदकं घेतो, पण त्यांच्या मैदानाबद्दल त्यांचं मत घेत नाही. १९६६च्या नगररचना कायद्यात हरकती-सूचनांची सोय आहे. तिची नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. आठवीतली मुलगी राजपत्र वाचत नाही. ‘स्केटिंग’ म्हटलं की आपल्या अधिकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रोलर स्केट्सची गुळगुळीत रिंक येते. तिचं काम वेगळं, रॅम्पचं वेगळं.

कायदा बदलेपर्यंत थांबायचीही गरज नाही. पुणे महापालिका कित्येक वर्षं अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. तो अर्ज शाळांमध्ये वाटा. जागा ठरण्याआधी अभियंत्याने संध्याकाळी पार्किंगमध्ये, पुलाखाली, सोसायटीच्या उतारावर जावं. पोरं आज जिथे खेळतात, तिथेच पहिली बैठक घ्यावी. शेजाऱ्यांना आवाजाची धास्ती असते, त्यांनाही त्याच बैठकीत बसवावं. पोरांनी मांडलेली कुठली मागणी मानली, कुठली नाकारली आणि का, हे लिहून जागेवर लावावं. ज्या कामाच्या फायलीत हा कागद नसेल, त्याची निविदा काढू नये.