पाहा, पण हात लावू नका

लिनक्सवर बाइंडएफएस नावाचं एक साधन आहे. एक फोल्डर दुसऱ्या ठिकाणी जसंच्या तसं दाखवायचं, हक्क मात्र तिथे वेगळे द्यायचे. नक्कल होत नाही, डिस्कवर जागा जात नाही. ‘फोर्स-यूझर’ सांगितलं की सगळ्या फायली तुमच्याच नावावर दिसतात. मुळात मालक होता तोच.

संगणकवाल्यांना याचं कोण कौतुक! गणपतीला वीर स्टेशनावर उतरणाऱ्या चाकरमान्याला विचारा. त्याच्याकडे महाभूलेख हे सरकारी संकेतस्थळ आहे. रोहा सुटलं की तो मोबाइलवर सातबारा उघडतो. गट क्रमांक बरोबर, क्षेत्र बरोबर, आकार काही रुपये नि पैसे, आणि खातेदार म्हणून पणजोबा, अजून ठणठणीत. वाचायची मुभा सगळ्या जगाला. पण हा उतारा कायदेशीर कामाला चालत नाही. तसा हवा तर 15 रुपये भरा, मग तेच पणजोबा डिजिटल सहीसकट मिळतात.

लिहिण्याचा हक्क वेगळा. त्याला वारस नोंद, फेरफार, नोटीस, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी, आणि मुख्य म्हणजे सगळ्या चुलत्यांचं एकमत. त्या एकमतासाठीची आज्ञा अजून कुठल्याच प्रणालीत आलेली नाही.

तरी वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क या सरकारी पोर्टलवर घरबसल्या करता येतो. आरतीला सगळे जमतील तेव्हा प्रसादाआधी तेवढा विषय काढा. नंतर पांगतात.