बोट लागली, पाहुणे उतरले

बॅलार्ड पिअरला परदेशी बोट लागली की सकाळी गारेगार एसी बसगाड्या बाहेर पडतात आणि संध्याकाळी त्याच गाड्यांतून लालबुंद, वैतागलेली माणसं परत येतात. मधल्या वेळात त्यांना मुंबई दाखवलेली असते. तक्रारी ठरलेल्या: ऊन फार, माणसं फार, बस जागची हलेना आणि माहितीपत्रकात होतं त्यातलं काही धड दिसलंच नाही.

पाहुण्यांनी मनाला लावून घेऊ नये. बोटीतून उतरून मुंबईत फसण्याची परंपरा थेट राजघराण्यापासूनची आहे. 1911 साली पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा त्यांच्या स्वागताला पुठ्ठ्याची कमान उभी होती. दगडाचा गेटवे पुरा व्हायला 1924 उजाडलं. खुद्द सम्राटाला पुठ्ठ्यावर भागवावं लागलं, तिथे तुम्हाला निदान दगड तरी मिळतोय.

बंदरातून गेटवेपर्यंत रमतगमत चालत गेलं तरी अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं. पण डॉलर बसचे भरलेत, म्हणून बसनेच जायचं, आणि ऑक्टोबर हीटमध्ये फोर्टातल्या सिग्नलवर काचेतून बाहेर बघत बसायचं. चालणारे पुढे निघून जाताना दिसतात, हेही त्या सहलीतलं एक प्रेक्षणीय स्थळ.

गेटवेला उतरलं की खरा सोहळा. एक बाई न विचारता मनगटावर गजरा बांधते, ‘फ्री, फ्री’ म्हणत, आणि गाठ पक्की बसल्यावर हिशेब सांगते. फोटोवाला छातीशी अल्बम धरून हजर. फुगेवाला माणसाच्या उंचीचा फुगा बडवून दाखवतो. तो बोटीतल्या केबिनमध्ये कसा न्यायचा, हे विचारायला फुरसत कोणाला? तेवढ्यात जळगावकडचं दहा-बारा जणांचं कुटुंब गोऱ्या आजीबाईंना मधोमध उभं करतं. ‘वन फोटो, मॅडम, ओन्ली वन!’ मग काकांबरोबर वन, मुलांबरोबर वन, नव्या सुनेबरोबर वन. गेटवेकडे सगळ्यांची पाठ. आजीबाई डॉलर मोजून बघायला आल्या होत्या, आणि बघून गेले जळगावकर, तेही फुकटात.

इथून पुढे नावांची फसवणूक. घारापुरीला साहेबाने एलिफंटा म्हणायचं. तिथला दगडी हत्ती केव्हाच भायखळ्याला आणून ठेवलाय. हत्तीवाचून हरकत नाही म्हणावं, तर सोमवारी लेणी बंद, आणि बोटी काही आमच्या सुट्ट्या बघून लागत नाहीत. हँगिंग गार्डनमध्ये काही लटकत नाही. बाग पाण्याच्या टाक्यांवर आहे, आणि त्या टाक्या दिसत नाहीत. क्वीन्स नेकलेस भर दुपारी दाखवतात, म्हणजे दिवे विझलेले. मणिभवनात चरखा मात्र जागेवर आहे. पण तोवर पाहुण्यांना सूत नको, सावली हवी असते.

सगळ्यात बहारीचा मुक्काम महालक्ष्मीचा धोबीघाट. पुलावर बस थांबवून गाइड सांगतो, ही माणसं दुसऱ्यांचे कपडे धुतात. पाहुणे थक्क! जणू यांचे कपडे बोटीवर आपोआप धुतले जातात. खाली कुठल्या तरी मजल्यावर लाँड्रीत कोणी गोव्याचा किंवा वसईचा पोरगा यांचेच टॉवेल पिळत असेल, पण ते डेक सहलीत दाखवत नाहीत. तिथे पुलावरून बघायची सोय नसावी. चर्चगेटचे डबेवालेही कार्यक्रमात असतात. 2003 साली प्रिन्स चार्ल्स त्यांना भेटून गेले, तेव्हापासून कामावर निघालेला माणूस थांबवून बघणं शिष्टसंमत झालं आहे. डबे पोचायचे तेव्हा पोचतात. बसचं तसं काही सांगता येत नाही.

तर बस पेडर रोडला अडकते, बोट सुटायची वेळ जवळ येते, घामाने नकाशे भिजतात आणि कोणीतरी गाइडला विचारतं, खरी मुंबई कधी दाखवणार? आम्ही हाच कार्यक्रम रोज करतो, फक्त तो रेल्वेच्या पासावर आणि उभ्याने.

परतताना अभिप्रायाचा फॉर्म हाती देतात. पाहुणे भाबडेपणाने लिहितात: गर्दी कमी करावी, ऊन कमी करावं, रस्ते मोकळे ठेवावेत. सूचना रास्त आहेत. गर्दीचं रेल्वेकडे पाठवावं, रस्त्याचं महापालिकेकडे. महापालिका खणलेला भाग आपल्या हद्दीत येत नाही म्हणून पोर्टाकडे पाठवील. उन्हाचं खातं अजून वाटप व्हायचंय. अर्ज तीन प्रतींत करावा, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय बोटीत चढू नये.