तीन मात्रा, चार तारा

युकुलेले हे हवाई बेटांचे चार तारांचे वाद्य. १८७९ साली मदेरा बेटावरून उसाच्या मळ्यांत राबायला आलेल्या पोर्तुगीजांनी आपले चिमुकले तंतुवाद्य होनोलुलूला आणले. त्यातून ते घडले. राजा कलाकौआने त्याला दरबारात स्थान दिले. मराठी घरात ते ‘ही गिटार मोठी कधी होणार?’ या प्रश्नानंतर मिळते.

शिकायला ते सोपे, आणि वादकाच्या अहंकाराचे मूळ इथेच आहे. सी कॉर्डला एक बोट पुरते. त्यात जी सेव्हनची भर पडली की एवढ्या भांडवलावर ‘क्लेमेंटाइन’ आणि ‘डाउन इन द व्हॅली’ ही अमेरिकन लोकगीते आख्खी वाजतात. त्याच रात्री वादक केस वाढवायचे ठरवतो. (चाळिशीनंतर हा निर्णय एकट्याचा राहत नाही, केसांचेही मत घ्यावे लागते.)

दोन्ही गाणी वॉल्ट्झच्या तीन मात्रांची: पहिली जड, पुढच्या दोन हलक्या. मराठी कान मात्र दोन आवर्तने जोडून त्यांचा दादरा करतो. सहा मात्रा, पहिलीवर सम, चौथीवर खाली. वॉल्ट्झमध्ये चौथी ही पुन्हा पहिलीच असते; नाचणाऱ्याचे पाऊल तिथे ठामपणे पडायचे असते. दादऱ्यावर वाढलेला वादक नेमका तिथेच हात आखडता घेतो, आणि नाचणारे काल्पनिक जोडपे अधांतरी राहते. श्रोत्यांतले काका तर केरव्याच्या टाळ्या धरतात. त्यावर इलाज नाही.

शिवाय जड मात्रेला खर्ज हवा, आणि हे वाद्य पियानोच्या मधल्या सीखाली उतरतच नाही. गिटारवर जिथे खर्जाची तार असते, तिथे इथे उंच जी. म्हणून पहिली मात्रा अंगठ्याने सी तारेवर छेडायची, पुढच्या दोन बोटांनी. कमी पडलेले वजन वादक मान हलवून भरून काढतो.

क्लेमेंटाइन ही खाणकामगाराची मुलगी. ती बुडते, पोहता न येणारा प्रियकर काठावर राहतो. गाण्यात तिच्या पावलांच्या मापाचीही चेष्टा आहे, आणि मुले ते हसत गातात. चार नायलॉनच्या तारांवर, खर्जाशिवाय, सावकाश वाजवले तर मात्र ती मुलगी खरीच बुडालेली वाटते. वादकाचा आवाज फुटतो. तो घसा खराब असल्याचे सांगतो. लय मिनिटाला ९० मात्रांच्या आसपास ठेवावी. त्याहून जलद गेले की गाण्याची पुन्हा थट्टा होते.