कुठला मानपाडा, कुठला शुक्रवार?

गुरुवारी रात्री साडेनऊला आमच्या डोंबिवलीतल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला : 'मानपाडा परिसरात उद्या शुक्रवारी सकाळी ९ पासून २४ तास पाणी बंद राहील. पाणी जपून वापरा.' साडेअकरापर्यंत आमच्या घरातलं पिंप, दोन हंडे, तीन कळश्या, पाच लिटरचा कुकर आणि दुधाचं पातेलंसुद्धा भरून झालं. आईचे गुडघे दुखतात, तरी ती बाथरूमपासून ओट्यापर्यंत कळश्या वाहत होती. शुक्रवारी पाणी नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या जोरात आलं.

शनिवारी मी चौकशी केली. ज्या काकांनी निरोप टाकला त्यांना तो मेहुण्यांकडून आला होता. मेहुणे राहतात ठाण्यात, घोडबंदर रोडला. त्यांच्या फोनमध्ये तो मागच्या वर्षीच्या मे महिन्यापासून पडून होता. म्हणजे मानपाडाही आमचा नव्हता आणि शुक्रवारही या वर्षीचा नव्हता. आईचे गुडघे मात्र त्या रात्रीपासून सुजलेले होते.

मानपाडे दोन आहेत, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एक ठाण्यात, चितळसरला लागून, पिन ४००६०७. दुसरा डोंबिवली पूर्वेला, कल्याण-शीळ रस्त्यावर, पिन ४२१२०४. मधे मुंब्रा, शीळ आणि न संपणारी वाहतूक कोंडी. महापालिका वेगळ्या, पाण्याच्या योजना वेगळ्या, फोनचे कोडही वेगळे : तिकडे ०२२, इकडे ०२५१. पुढे तर मेट्रो ४ वरही मानपाडा स्थानक आहे आणि मेट्रो १२ वरही. तरी निरोपात नुसतं 'मानपाडा' लिहून माणसं मोकळी होतात.

त्याहून मोठा दोष तारखेचा. व्हॉट्सॲपवर निरोप पुढे ढकलला की मूळ तारीख त्याच्यासोबत जात नाही. ढकलल्याची वेळ तेवढी दिसते. त्यामुळे वर्षभरापूर्वीचा निरोपही आत्ता आल्यासारखा दिसतो. आणि मजकुरात असतं काय? 'आज', 'उद्या', 'येत्या शुक्रवारी'. 'उद्या' हा शब्द समोरासमोर बोलताना ठीक आहे. लिहून हजार जणांना पाठवला की तो उद्या रोजच उगवतो.

कल्याणचा पत्रीपूल २०१८ मध्ये पाडला आणि जानेवारी २०२१ मध्ये नवा सुरू झाला. त्यानंतरही 'पत्रीपूल बंद, पर्यायी मार्गाने जा' हा निरोप मला आला आहे. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. पण तो वाचून घरातून तासभर आधी निघणारा माणूस आजारी नातेवाइकाला बघायला निघालेला असू शकतो, एवढा विचार पाठवताना व्हायला हवा.

घरातल्या कालनिर्णयचं बघा. १९७३ पासून ते मराठी घरात आहे, पण गेल्या वर्षीच्या कालनिर्णयात बघून कुणी एकादशी धरत नाही. डिसेंबर संपला की ते भिंतीवरून उतरतं. वर्तमानपत्रावर पानोपानी तारीख असते आणि महिनाअखेरी ते रद्दीत जातं. फोनमधल्या माहितीला उतरवायला कुणी नाही आणि न्यायला रद्दीवालाही येत नाही. उलट जे टिकायला हवं तेच हरवतं : प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये दाखवून दिलं की २०१३ साली इंटरनेटवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडतच नव्हती. आमच्या ग्रुपचंही तेच. इमारतीच्या प्लंबरचा आणि लिफ्टवाल्याचा नंबर शोधायला गेलं की सापडत नाही, पाण्याचा जुना निरोप मात्र हटकून वर येतो.

सोय नाही असंही नाही. ग्रुपमधला निरोप २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस वर टाचून ठेवता येतो आणि मुदत संपली की तो आपोआप उतरतो. चुकीचा गेला तर साधारण दोन दिवसांपर्यंत सगळ्यांच्या फोनमधून पुसता येतो. प्लंबर, लिफ्ट, टँकर हे नंबर ग्रुपच्या माहितीच्या जागी लिहावेत आणि दर सहा महिन्यांनी एकाने ते लावून पाहावेत. पाच मिनिटांचं काम आहे.

आमच्या सोसायटीच्या सभेत मी हे मांडणार आहे, आणि वाचणाऱ्यांनाही हात जोडून विनंती करतो. पाणी, वीज, रस्ता, रुग्णालय, कशाबद्दलही लिहाल तेव्हा डोंबिवली की ठाणे ते लिहा, वार लिहा, तारीख लिहा, आणि साल तेवढं विसरू नका. तारीख नसलेला निरोप तुमच्याकडे आला, तर तो पुढे पाठवू नका.